देवगिरीचा किल्ला बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरला घर असलं की पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की त्यांना देवगिरी दाखवायला न्यावं लागतं. गेली कित्येक वर्षं मी हे आनंदानं करतो आहे. फोनवर, जेवणाच्या ताटावर आणि गाडीत बसल्यावर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे उत्तरांसकट मांडले आहेत.

देवगिरी म्हणायचं की दौलताबाद?

दोन्ही चालतं. यादवांनी वसवली ती देवगिरी. भिल्लम पाचवा या यादव राजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी आणली. पुढे १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इकडे हलवली आणि गावाचं नाव दौलताबाद ठेवलं. गावाचं आणि रेल्वे स्टेशनचं नाव आजही दौलताबादच आहे, त्यामुळे एसटीत तिकीट मागताना ‘दौलताबाद’ म्हणा. मला स्वतःला ‘देवगिरी’ म्हणायला आवडतं, कारण मराठी ही राजदरबाराची भाषा झाली ती याच यादवांच्या काळात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचा गौरवानं उल्लेख येतो, तो या गडाचा धनी होता.

किल्ला नेमका कुठे आहे? गाडी नसली तर कसं जायचं?

संभाजीनगर शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्याला. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणारी एसटी पकडा आणि दौलताबादला उतरा. किल्ला रस्त्याला लागूनच आहे, चुकायची सोय नाही. दौलताबादला रेल्वे स्टेशनही आहे, पण बाहेरगावाहून येणाऱ्यांनी संभाजीनगर स्टेशनलाच उतरावं. पुढे रिक्षा, बस, टॅक्सी सगळं मिळतं.

किती वाजता उघडतो? तिकीट किती?

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. वेळा आणि दर अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. तिकीट ऑनलाइनही काढता येतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सकाळी दरवाजा उघडताना तिथे हजर राहा, एवढंच माझं सांगणं. दुपारी बाराला चढायला सुरुवात करणारी माणसं अर्ध्यातून परतताना मी फार पाहिली आहेत.

वेरूळच्या दिवशीच वाटेत तासाभरात उरकता येईल ना?

नाही येणार. हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

सहलीच्या वेळापत्रकात देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि परत येताना बीबी का मकबरा, असं सगळं एका दिवसात कोंबलेलं असतं. मग होतं काय, तर माणसं चांदमिनारासमोर फोटो काढतात, वरच्या डोंगराकडे बघून ‘बाप रे’ म्हणतात आणि गाडीत बसतात. त्यांनी दीपमाळ पाहिली, देवळात गेलेच नाहीत, असा तो प्रकार झाला. या गडाचं सगळं मर्म खंदकाच्या पलीकडे सुरू होतं.

नीट बघायचा तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाऊन यायला तीन ते चार तास हाताशी ठेवा. सोपी युक्ती सांगतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. मंगळवारची सकाळ देवगिरीला द्या, दुपारी खुलताबाद करा आणि बुधवारी पहाटे उठून वेरूळला जा. दोन्हीला न्याय मिळतो.

पायऱ्या किती आहेत? आई-बाबांना झेपेल का?

माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पण पायऱ्यांचा आकडा फसवा आहे, कारण त्या सगळ्या एकसारख्या नाहीत. काही वीतभर, काही गुडघाभर उंच, काही झिजून गुळगुळीत झालेल्या.

गुडघेदुखी असलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. प्रवेशद्वारापासून हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चांदमिनार हा सारा भाग जवळजवळ सपाटीचा आहे. फरशी खडबडीत आहे, चाकांची खुर्ची ढकलायला जड जाते, पण काठी टेकत सावकाश चालणाऱ्याला जमतं. पुढे थोडी चढण चढून काळाकोटाच्या, म्हणजे डोंगरपायथ्याच्या कोटाच्या, दरवाजातून चिनी महाल आणि मेंढा तोफ गाठता येते. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या मावशींनी खंदकावरच्या पुलापर्यंत येऊन, तिथल्या सावलीत बसून आमची वाट पाहिली होती. परत आलो तेव्हा त्या अजून खंदकाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, ‘माणसांनी हे हातानं केलं?’

हृदयविकार, दमा किंवा बंदिस्त अंधाराची भीती असेल, तर पुलापाशीच थांबावं. पुढे ‘अंधारी’ ही भुयारी वाट लागते, तिथून मधेच परत फिरायला गर्दीच्या दिवशी अवघड जातं.

चांदमिनारवर चढता येतं का?

नाही. मिनार आतून पर्यटकांसाठी बंद आहे, बाहेरूनच बघायचा. पण बघायचा मात्र निवांत.

हा मिनार बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमदशाह याच्या काळात, १४४५ च्या सुमाराला उभा राहिला. खालून वर निमुळते होत गेलेले चार मजले, आणि मजल्यांना बाहेरून पेललेले सज्जे. सज्ज्यांखालचे दगडी कंस जवळून बघा. त्यांची घडण आपल्या देवळांतल्या कामाशी नातं सांगते. आकार इराणी वळणाचा असला, तरी छिन्नी चालवणारे हात इथलेच होते. एके काळी त्यावर निळ्या चकचकीत फरशांची सजावट होती. पायथ्याशी छोटी मशीद आणि खोल्या आहेत.

विजयाची खूण म्हणून तो बांधला असं मानतात. पण सपाटीवर उभं राहून तटाबाहेरचा मुलूख बघायला याहून चांगली जागा त्या काळी नव्हती, तेव्हा टेहळणीलाही त्याचा उपयोग झाला असणारच, असं मला वाटतं.

मग वरून सगळा मुलूख बघायचा तर कुठून?

बारादरीतून. शहाजहान १६३६ मध्ये इकडे आला, त्या सुमारास त्याच्यासाठी ही इमारत उभी राहिली. माथ्याच्या थोडी खाली आहे. दालनांच्या कमानींतून वारा असा येतो की चढून आल्याचा घाम दोन मिनिटांत सुकतो.

तिथून खाली बघितलं की पहिल्यांदा किल्ल्याची आखणी डोळ्यांत भरते. खालून चालताना आपण नुसते एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजात शिरत असतो, काही कळत नाही. वरून तीन कोट दिसतात. सगळ्यात बाहेरचा, गावाला कवेत घेणारा अंबरकोट. त्याच्या आत महाकोट. आणि डोंगराच्या पायाशी काळाकोट. खालून मान मोडून बघितलेला चांदमिनार इथून पेन्सिलीएवढा दिसतो. घाटातला दिल्ली दरवाजा, खुलताबादकडचे डोंगर, पावसाळ्यानंतर चमकणारा मोमबत्ता तलाव, आणि पूर्वेला धुरकटलेलं शहर, सगळं नजरेत येतं.

बारादरीलाच शेवट समजून परत फिरू नका. अजून शंभरेक पायऱ्यांवर खरा माथा आहे. तिथल्या बुरुजावर तोफ आहे, आणि तिथून चारी दिशा मोकळ्या मिळतात. संध्याकाळचा प्रकाश उत्तम असतो, पण उजेड असेपर्यंत अंधारीतून परतायचं असतं, हे ध्यानात ठेवून वेळ आखा.

अंधारी म्हणजे काय? भीती वाटते का?

अंधारी हा या गडाचा आत्मा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी डोंगर समजून घ्या. पठारावर एकटाच उभा असलेला हा शंकूसारखा डोंगर, उंची दोनशे मीटरच्या आसपास. यादवांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून काढला. उतार शिल्लकच ठेवला नाही. सरळ, गुळगुळीत, कित्येक माणसं उंच कातळभिंत उरली. त्यावर घोरपड लावायचं म्हटलं तरी तिला नखं रोवायला जागा मिळायची नाही. भिंतीच्या पायाशी तोच कातळ खोल खोदून खंदक केला. म्हणजे इतर गडांना तट बांधावा लागतो, इथे डोंगरच कोरून तट केला आहे. वेरूळचं कैलास लेणं इथून जेमतेम तासाच्या अंतरावर आहे, हे खंदकाच्या काठी उभं राहिल्यावर मला दर वेळी आठवतं. वरून खाली डोंगर तासत जायची विद्या या पंचक्रोशीत शेकडो वर्षं मुरलेली होती.

खंदक ओलांडायला एकच जागा, एकच अरुंद पूल. पूल मधे खोलगट ठेवलेला होता आणि खंदकातलं पाणी चढवून तो बुडवता यायचा, असं सांगतात. पूल पार केला की समोर आणखी रस्ता नाही. वर जायचं तर डोंगराच्या पोटातूनच जायचं. तीच अंधारी.

आत शिरल्यावर दहा पावलांत उजेड संपतो. वाट वळते, पुन्हा वळते. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या केलेल्या, त्यामुळे पाऊल अंदाजानं टाकता येत नाही. मधे वाटा फुटतात. गाइड सांगतात, की दोन वाटांनी शिरलेले शत्रू अंधारात समोरासमोर आले की एकमेकांनाच कापत सुटायचे. एका ठिकाणी उजेडाची तिरीप दिसते. घाबरलेला माणूस तिकडे धावला की थेट खंदकात. आणि इतकं करून कोणी वरच्या तोंडापर्यंत पोहोचलाच, तर तिथे लोखंडी झाकण टाकून त्यावर विस्तव पेटवायचे. धूर भुयारात कोंडला की आतला जीव गुदमरलाच.

भीतीचं म्हणाल, तर वाटते. वटवाघळांचा फडफडाट आणि त्यांचा उग्र वास असतो. मोबाइलचा दिवा लावून, एका हातानं भिंत धरून चाला. लहान मुलांना मधे ठेवा, एक मोठा माणूस पुढे आणि एक मागे. कृपा करून आत आरडाओरडा करू नका. शाळेच्या सहली आत शिरल्या की किंकाळ्यांची स्पर्धा लागते, त्यानं वटवाघळं बिथरतात आणि एखाद्याचा पाय सटकतो. एक क्षणभर सगळ्यांनी दिवे बंद करून गप्प उभं राहावं. हातात तलवार घेऊन, मागून माणसांचा रेटा येत असताना इथे उभ्या असलेल्या सैनिकाला काय वाटलं असेल, ते तेव्हा समजतं.

इतका अवघड किल्ला, तरी पडला कसा?

हा प्रश्न मुलं विचारतात, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन ठेपला. तो तेव्हा सुलतान नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. बरोबर काही हजार घोडेस्वार होते. यादवांचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेलं होतं. रामदेवरायानं, म्हणजे ज्ञानेश्वरीतल्या त्याच रामचंद्र राजानं, गडाचा आसरा घेतला. मागून दिल्लीची मोठी फौज येते आहे, अशी आवई खिलजीनं उठवून दिली होती. शंकरदेव परतून लढलाही, पण हरला. आणि गडावर घाईघाईत चढवलेली धान्याची पोती उघडून बघतात तर आत मीठ, असं परंपरेनं सांगतात. शेवटी रामदेवरायाला अमाप खंडणी देऊन तह करावा लागला.

पुढे खिलजीचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वाऱ्या झाल्या, शंकरदेव मारला गेला, आणि यादवांचा जावई हरपाळदेव यानं बंड केलं तेव्हा त्याला फार क्रूरपणे मारण्यात आलं. १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं.

१६३३ चीही गोष्ट तशीच. महाबतखानाच्या मोगली फौजेनं सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. पण डोंगर काही त्यांना फोडता आला नाही. आत उपासमार झाली, आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान यानं पैसे घेऊन किल्ला हवाली केला. ज्या मलिक अंबरनं आयुष्यभर मोगलांना झुंजवलं, त्याच्याच मुलानं.

खंदक, अंधारी, कातळ यांनी आपलं काम चोख केलं. कोठारं रिकामी राहिली, माणसं फुटली, तिथे घात झाला. खंदकाच्या पुलावर उभं राहून मुलांना हे सांगितलं की ती गप्प होतात.

शिवरायांचा या किल्ल्याशी काही संबंध आहे का?

किल्ला त्यांच्या ताब्यात कधी आला नाही. पण संबंध आहे, आणि तो जिव्हारी लागणारा आहे.

जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव, सिंदखेडचे. जाधवांचं घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांच्या वंशातलं मानतं. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाच्या दरबारात मुजऱ्यासाठी म्हणून ते याच किल्ल्यात आले आणि दगा झाला. लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि रघुजी, नातू यशवंतराव, चौघेही कापले गेले. आपल्या पूर्वजांच्या गडात. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सातेक महिन्यांनी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

किल्ल्यात या घटनेची आठवण म्हणून थांबावं असं ठिकाण सहसा कोणी दाखवत नाही. मी पाहुण्यांना महाकोटाच्या दरवाजातून आत शिरतानाच ही हकिगत सांगतो, कारण मग पुढचा प्रत्येक दरवाजा वेगळा वाटू लागतो.

एक आणखी. रायगड पाहून राजधानीसाठी निवडताना महाराजांनी त्याची तुलना दौलताबादशीच केली, असं सभासद बखरीत आहे. दौलताबाद उत्तम खरा, पण उंचीला कमी, असा त्यांचा अभिप्राय. म्हणजे त्या काळी गड जोखायचं माप हेच होतं.

वर कोणाची समाधी आहे?

जनार्दनस्वामींचं स्थान माथ्याजवळच्या गुहेत आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, ते या गडाचे किल्लेदार होते आणि दत्तभक्त होते. पैठणचे संत एकनाथ लहान वयात घर सोडून त्यांच्याकडे आले आणि इथेच त्यांची सेवा करत शिकले. हिशेबाच्या वहीत एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर जागले आणि ती सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती घडली म्हणतात ती याच गडावर. तोफांच्या शेजारी एका संताचं ध्यानस्थान, हे मला देवगिरीवरच पाहायला मिळालं. चप्पल काढून दोन मिनिटं बसा.

मेंढा तोफेजवळ सगळे थांबतात. काय विशेष?

तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, म्हणून लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. तिचं दुसरं नाव किल्लेशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. पंचधातूची आहे, अंगावर औरंगजेबाच्या नावाचा लेख आणि फार नाजूक नक्षी आहे. उन्हात तापलेल्या दिवशीही हात लावून पाहा, लोखंडी तोफांसारखी ती गंजलेली नाही हे कळेल. वर श्रीदुर्गा आणि काला पहाड या तोफा आहेत. एवढी वजनदार धूडं वर चढवली कशी, याचा विचार आपण चढताना थांबून दम खातो तेव्हा करावा. प्रवेशद्वाराच्या देवड्यांपाशी बऱ्याच लहान तोफा मांडून ठेवल्या आहेत, तिथे गर्दी नसते.

तोफांवर चढून बसू नका, मुलांनाही बसवू नका. आणि भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना टोका. मी टोकतो.

चिनी महाल म्हणजे चीनचा काही संबंध?

नाही. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांनी तो मढवला होता, काही तुकडे अजून दिसतात. पुढे त्याचा कैदखाना झाला. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं इथे ठेवलं आणि तो इथेच वारला. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूता हा प्रवासी देवगिरीला आला होता. इथल्या तळघरातल्या कैद्यांबद्दल आणि मांजरांनाही न भिणाऱ्या मोठमोठ्या उंदरांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे.

भारतमाता मंदिर किल्ल्यात कसं?

कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, १३१८ मध्ये, इथे मोठी मशीद बांधली गेली. तिला शंभरावर खांब आहेत आणि ते जुन्या देवळांचे आहेत हे कोरीव कामावरून लगेच लक्षात येतं. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. मराठवाड्यातल्या माणसाला त्या तारखेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो. खांबांच्या रांगेत एका कोपऱ्यात उभं राहा, एकेका खांबावरची नक्षी वेगळी आहे.

डोंगरावर एवढ्या लोकांना पाणी कुठून मिळायचं?

प्रवेशद्वारातून आत आलं की लगेच लागणारा हत्ती हौद बघा. दहा हजार घनमीटरच्या आसपास पाणी मावेल एवढा चौकोनी तलावच आहे तो. बाहेरच्या डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी आणलेलं होतं. शिवाय सरस्वती विहीर आहे, पायऱ्यांची, आणि वर कातळात खोदलेली टाकी. दुष्काळी मुलखात राजधानी वसवणाऱ्यांनी पाण्याचा विचार तटाच्या आधी केला होता. मार्चमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर या हौदापाशी थांबायलाच हवं.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत. श्रावणात डोंगर हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा पकड असलेले बूट घाला. नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत सुखाचा काळ. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो आणि कातळ तव्यासारखा तापतो. त्या दिवसांत गवतही वाळून कोळ झालेलं असतं, एका विडीनं डोंगर पेटू शकतो. विडी-सिगारेट गाडीतच ठेवा.

सोबत काय घ्यावं?

माणशी निदान दोन लिटर पाणी, टोपी, टॉर्च. वर काही विकत मिळत नाही. खाण्याच्या पिशव्या उघड्या हातात धरू नका, वानरं टपलेली असतात. आमच्या भाच्याच्या हातातलं वेफर्सचं पाकीट एका वानरानं इतक्या सफाईनं नेलं की त्याला रडायचंही सुचलं नाही. वानर समोर आलं तर दात दाखवून हसू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, बाजूला व्हा.

रिकाम्या बाटल्या खाली घेऊन या. एवढं तरी करूच.

गाइड घ्यावा का?

पहिल्यांदा येत असाल तर घ्यावा, विशेषतः अंधारीसाठी. पैसे आधी ठरवा आणि ‘माथ्यापर्यंत’ असं स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर दाखवणं पुलापाशी संपतं. त्यांच्या काही गोष्टी इतिहासात बसतात, काही नाही. पण अंधारीत मशाल फिरवून कोणत्या वळणावर काय होतं हे ज्या रंगानं ते सांगतात, ते तुम्हाला कुठल्याच पाटीवर वाचायला मिळणार नाही.

फोटो, ड्रोन?

मोबाइल आणि साधा कॅमेरा चालतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

किल्ल्यावर मुक्काम करता येतो का?

नाही. संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढतात. मुक्काम संभाजीनगरला किंवा वेरूळला करा.

आसपास आणखी काय बघता येईल?

घाट चढून गेलात की रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो. दरवाजा अरुंद, वाहनं फार, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे कोंडी होते. हॉर्न वाजवून काही उपयोग नाही, शेकडो वर्षांचा दगड कसा सरकणार?

पुढे कागजीपुरा लागतं. तुघलकाबरोबर आलेल्या कारागिरांनी इथे हातकागद बनवायला सुरुवात केली आणि तो धंदा अजून जिवंत आहे. चिंध्या कुटून लगदा कसा करतात, साच्यानं पाण्यातून कागद कसा उचलतात ते बघता येतं. चार कागद विकत घ्या. मग खुलताबाद. मलिक अंबरची कबर तिथे आहे, औरंगजेबाची साधी उघडी कबर तिथे आहे, बुऱ्हाणुद्दीन आणि झैनुद्दीन या सूफींचे दर्गे आहेत, आणि भद्रा मारुतीही तिथेच झोपलेला आहे. हनुमान जयंतीला आमच्या शहरातून हजारो लोक रात्रभर पायी चालत त्याच्या दर्शनाला जातात. ती वाट याच किल्ल्यासमोरून जाते.

दिवाळीच्या आगेमागे आलात तर रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळं घ्या. डोळे उघडलेलं, बोटानं दाबलं की किंचित दबणारं फळ निवडा. घासाघीस फार करू नका, डोंगरात हिंडून ती गोळा केलेली असतात.

माझ्याकडे खरोखर एकच तास आहे. काय बघू?

मग चांदमिनारापाशी रेंगाळू नका. येताना-जाताना तो दिसणारच आहे. सरळ चालत काळाकोटातून वर या, मेंढा तोफेच्या बुरुजावर दोन मिनिटं थांबा आणि खंदकाच्या पुलावर जाऊन उभे राहा. खाली हिरवं पाणी, समोर तासलेली भिंत, वर कातळाच्या कडेवर बसलेले पारवे. भिंतीवर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात, एकाखाली एक. ते नीट बघा आणि घरी जाऊन पुढच्या सुट्टीचं रिझर्व्हेशन करा. मी घेऊन येतो तुम्हाला.